पेशी विश्रांती घेते

ज्या वर्षांत आमच्या वऱ्हाडाचं नाव रोज पेपरच्या पहिल्या पानावर यायचं आणि दिल्लीहून मोठी माणसं पांढऱ्या गाड्यांतून येऊन दोन तासांत परत जायची, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका कॉलेजात उंदराच्या स्नायूंच्या पेशींवर चरबी घालत होते. पीएच.डी. म्हणतात ती हीच. पेशी पुण्याहून बर्फाच्या डब्यात, रेल्वेच्या आरक्षित बर्थवर माझ्या शेजारी झोपून आल्या होत्या. मी रात्रभर बसून आले, कारण डबा आडवा होऊ द्यायचा नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. पामतेलात, वनस्पती तुपात, लोण्यात एक आम्ल असतं, पामिटिक नावाचं. ते संपृक्त, म्हणजे त्याची साखळी सरळ आणि ताठ, कुठे वाक नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी गरम करून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला बांधायचं आणि मग पेशींना पाजायचं. स्नायूची पेशी थोडं असेल तर जाळते. जास्त झालं की तिला कुठे ठेवावं कळत नाही. पेशीच्या आत प्रथिनांच्या घड्या घालणारा एक कारखाना असतो. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात आणि तो शब्द एका श्वासात म्हणणाऱ्याला निम्मे गुण द्यावेत असं मला नेहमी वाटे. ही ताठ चरबी त्या कारखान्याच्या भिंतींत जाऊन बसते. भिंती कडक होतात, घड्या चुकतात, चुकलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो. इन्शुलिन दारावर येऊन हाका मारतं आणि आत कुणी ऐकत नाही. या सगळ्याला पेशीवरचा ताण म्हणतात. माझ्या प्रबंधाच्या मराठी सारांशाचं शीर्षकच होतं: ‘संपृक्त मेदाम्लांमुळे स्नायूपेशींवर येणारा ताण’. पुढचं सगळं त्या शेवटच्या शब्दानं केलं.

पेशींवर ताण आणायला माझी फारशी गरज नव्हती, हेही सांगायला हवं. त्यांना ज्या पेटीत ठेवायचं तिच्यात सदतीस अंश तापमान लागतं. अमरावतीच्या मे महिन्यात सदतीस अंश म्हणजे गारवा. त्यातून तेव्हा भारनियमन. वीज गेली की माझ्या चरबी पाजलेल्या पेशी मरायच्या, आणि ज्यांना मी बोटही लावलं नव्हतं त्याही मरायच्या. मी रडकुंडीला येऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर कचोरी खात होते. रोज अकरा वाजता ते कॅन्टीनमधून दोन कचोऱ्या मागवत आणि ज्या कागदावर त्या येत त्याचं तेल पाहून मला म्हणत, बघ, तुझा विषय आला. त्यांनी शांतपणे सुचवलं की या मेलेल्या पेशींना प्रबंधात एक वेगळं प्रकरण दे आणि नाव ठेव ‘पर्यावरणीय ताण’. मी ते प्रकरण लिहिलं नाही. माझ्या हातून झालेल्या थोड्या शहाणपणाच्या गोष्टींत ती एक.

माझं घर अकोल्याचं. अब्बांचं तेलाचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. घरी आम्ही उर्दू बोलायचो, पण दुकानाच्या गादीवर बसले की अब्बा वऱ्हाडीत शिरायचे आणि संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. माझ्या लहानपणी दुकानात जवस, करडई, शेंगदाणा आणि सरकी अशी चार तेलं वेगवेगळ्या टाक्यांत असत, आणि मला डोळे मिटून वासावरून ओळखता येत. मी पीएच.डी.ला लागले तोवर जवसाची टाकी गेली होती, करडईच्या टाकीवर कॅलेंडर लटकत होतं आणि दुकानभर पामोलिनचे चौकोनी डबे रचलेले होते. थंडीत ते गोठायचं. अब्बा सकाळी डबे उन्हात मांडून ठेवायचे. मी अमरावतीत तेच आम्ल गरम पाण्यात धरून विरघळवायची आणि अब्बा अकोल्यात उन्हात. फरक एवढाच की माझ्या कामाला संशोधन म्हणत.

एकदा गिऱ्हाईक नसताना त्यांनी विचारलं, मी नेमकं काय करते. मी जेवढं सोपं करता येईल तेवढं करून सांगितलं. ते डब्यांकडे पाहत राहिले.

“मंग मी काय विकून राहिलो?” ते म्हणाले.

मी म्हटलं, इतक्या थोड्यानं काही होत नाही, प्रमाण महत्त्वाचं असतं, पेशी वेगळी आणि माणूस वेगळा. शास्त्रज्ञ अडचणीत आला की जे जे म्हणतो ते सगळं मी म्हटलं. मी ज्या वसतिगृहात राहत होते, ज्या चष्म्यातून सूक्ष्मदर्शकात बघत होते, ते सगळं त्या डब्यांतूनच आलेलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, सगळ्यात सस्तं कोनतं?

आता तो शब्द. फेब्रुवारीत कॉलेजात विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं. मी माझ्या पेशींची चित्रं लावली होती: बिनचरबीच्या पेशी, हारीनं जुळलेल्या लांब आणि टवटवीत, शेजारी चरबीच्या, आखडलेल्या. एक वार्ताहर आला, त्यानं शीर्षक उतरवून घेतलं, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली: ‘ताणावर अमरावतीच्या संशोधिकेचे मूलगामी काम’. स्नायू गेले होते, मेदाम्लं गेली होती, उंदीर तर गेलाच होता. ताण आणि मी उरलो होतो.

पंधरा दिवसांत एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. ग्रामीण भागातील वाढते नैराश्य लक्षात घेता गावोगावी ताणमुक्ती शिबिरे घेण्याचे योजिले असून, आपली ‘ताणतणाव व्यवस्थापन तज्ज्ञ’ म्हणून निवड करण्यात येत आहे. मी सरांना घेऊन त्या कार्यालयात गेले. अधिकारी पश्चिम महाराष्ट्राकडून नुकतेच बदलून आले होते, सुसंस्कृत होते आणि फार थकलेले होते. मी त्यांना सांगितलं की माझा ताण उंदराच्या मांडीतला आहे. ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, ताण म्हणजे ताण.” मग माझ्या मराठीचं कौतुक केलं. म्हणाले, तुम्ही इतकं शुद्ध मराठी कसं काय बोलता? मी म्हटलं, इथेच शिकले. ते म्हणाले, वाटत नाही. सरांनी माझ्या वतीनं लगेच होकार दिला, कारण असं काम विद्यापीठाच्या अहवालात ‘विस्तारकार्य’ म्हणून दाखवता येतं.

मी चिडून तिथून निघाले, हे खरं. ते पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं, हेही खरं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तज्ज्ञ म्हटलं होतं.

पहिलं शिबिर बाळापूरच्या पुढच्या एका गावात झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात. पोरांना सुटी दिली होती. मंडप होता, फलक होता, फलकावर हसरा सूर्य होता. समोर सतरंजीवर पुरुष, एका बाजूला बायका, आणि मागे चुलाणावर बचत गटाच्या बायका जेवण रांधत होत्या. आधी अधिकाऱ्यांचं भाषण झालं. त्यांनी सांगितलं की संकट हे बाहेर नसतं, ते आपल्या दृष्टिकोनात असतं. मग शहरातून आणलेल्या योगशिक्षकांनी सगळ्यांना उभं केलं, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि नंतर हात वर करून मोठ्यानं हसायला सांगितलं. त्या अंगणातल्या कितीतरी माणसांच्या शेजारच्या, नाही तर त्याच्या शेजारच्या घरातून त्या वर्षी कुणीतरी गेलं होतं. कुणी हसेना. योगशिक्षक पुन्हा म्हणाले, मनापासून. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बुवांना दया आली असावी. ते एकटेच हा हा हा असं तीनदा म्हणाले आणि खाली बसले. बाकीचेही बसले.

मग मला उभं केलं.

मी ठरवून आले होते की खोटं बोलायचं नाही. ताण कसा घालवायचा हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी मला ठाऊक असलेलंच सांगायला लागले. पेशी म्हणजे काय, तिच्यात घड्या घालणारा कारखाना कसा असतो, ताठ चरबी साचली की काय होतं. लुगड्याच्या घडीचं उदाहरण दिलं तेव्हा बायका ऐकायला लागल्या. मला जोर आला. मी म्हटलं, ढीग साचला की पेशी आधी नवं काम घेणं थांबवते. मग जुना पसारा आवरायला बघते. मग मदतीसाठी निरोप पाठवते, एक नाही, तीन वेगवेगळ्या वाटांनी. आणि तरीही चरबी येतच राहिली, पसारा आवरला नाही, तर शेवटी पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

हे वाक्य मी वर्गात शंभर वेळा म्हटलेलं होतं. पाठ्यपुस्तकातलं आहे. त्या अंगणात ते तोंडातून सुटलं आणि मग मला ऐकू आलं. पुरुष जमिनीकडे बघत होते. एकानं सतरंजीचा दोरा ओढायला घेतला होता आणि तो तसाच ओढत राहिला. अधिकाऱ्यांनी घड्याळात बघितलं. मला पुढचं काही आठवेना. मी पाण्याचा पेला उचलला आणि त्यात पाणी नव्हतं.

तेव्हा मागून, चुलाणाकडून एक बाई बोलली. चाळिशीची असेल, कोपरापर्यंत कणीक. ती त्या बचत गटाची प्रमुख होती हे मला नंतर कळलं.

“बाई, मी इचारू काय? त्या पेशीले असा ताण आला, तं तुमी तिले काय सांगता?”

मी म्हटलं, सांगत काही नाही. तिच्यावरची चरबी काढून घेतो. किंवा दुसरं पातळ तेल सोबत देतो, मग ती ताठ चरबी नीट बाजूला साठवली जाते आणि पेशी सावरते.

“म्हंजे जे वर पडून राह्यलं ते काढता.”

“हो.”

“तिले हसाले नाई लावत.”

अंगण हसलं. बुवा हसले, सतरंजीचा दोरा ओढणारा हसला, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. योगशिक्षकही हसले, ते बिचारे तसे सज्जन होते. त्या दिवसातलं तेवढंच खरं हसू. अधिकाऱ्यांनी शेजारच्या लिपिकाला हळूच सांगितलेलं मी ऐकलं: लिहा, उपस्थितांनी हास्ययोगाला उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.

नंतर फॉर्म वाटले. त्यात एकच महत्त्वाचा प्रश्न होता: शिबिरामुळे आपला ताण किती कमी झाला? पुढे तीन चौकोन. खूप, बऱ्यापैकी, थोडा. ‘झाला नाही’ असा चौकोन छापायला कुणाला सुचलं नव्हतं. लिपिकानं सगळ्यांच्या वतीनं ‘बऱ्यापैकी’वर खुणा केल्या. मी विचारलं, ‘खूप’वर का नाही? तो म्हणाला, म्याडम, वरच्यायले खरं वाटलं पाहिजे.

जेवणात पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. मी चुलाणाजवळ गेले तर तिथे पामोलिनचे दोन रिकामे डबे होते आणि एकावर आमच्या दुकानाचा शिक्का. मी चार पुऱ्या खाल्ल्या. ती बाई कढईशी होती. तिनं माझ्याकडे आणि मग डब्याकडे बघितलं.

“हेच काय थे तेल?”

मी म्हटलं, साधारण हेच.

“मंग तुमी खाऊन काहून राहिल्या?”

मी म्हटलं, भूक लागली होती. ती म्हणाली, “आमालेबी लागते,” आणि पाचवी पुरी माझ्या ताटात टाकली.

जीप निघायला वेळ होता, म्हणून मी तिच्याजवळ बसले. तिला मी मावशी म्हणायला लागले होते. ती सांगत होती की तिच्या सासूच्या काळी हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या दोन ओळी असायच्याच, काटेरी असते म्हणून ढोरं आत शिरत नसत, आणि घरचं वर्षाचं तेल त्यातून निघायचं. मग पऱ्हाटी, म्हणजे कपाशी गेली, सोयाबीन आलं, यंत्रानं सलग पेरणी आली, कडेच्या ओळी कुणी ठेवेना. करडई नाही म्हणून बाळापूरचा घाणा बंद पडला, आणि घाणा बंद पडला म्हणून करडई लावण्यात अर्थ उरला नाही. सोयाबीन गावातून ट्रकनं जातं आणि तेल दुसऱ्याच देशातून डब्यात येतं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. कढई कशी धुवायची हे सांगावं तसं सांगत होती. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘बदलत्या आहारसवयी’ असे दोन शब्द होते. त्या दोन शब्दांच्या आत काय आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

परतताना जीपमध्ये अधिकारी म्हणाले की बोलणं छान झालं, फक्त ते शेवटचं वाक्य पुढच्या वेळी नको. मी म्हटलं, पण होतं तसंच. ते म्हणाले, होत असेल, पण आपल्याला सकारात्मक राहायचं आहे. तुम्ही असं म्हणा ना, की पेशी विश्रांती घेते.

मी त्यांना नकार दिला असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या तीन शिबिरांत माझी पेशी विश्रांती घेत राहिली. एकदा अचलपूरकडे, एकदा दर्यापूरजवळ, एकदा रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका गावात. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, जेवून जायचे. कुणी प्रश्न विचारला नाही. विश्रांती घेणाऱ्या पेशीबद्दल विचारण्यासारखं काय असतं?

मग माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, कडक म्हणून प्रसिद्ध. तासभर सगळं नीट गेलं. शेवटी त्यांनी अगदी प्राथमिक प्रश्न विचारला, परीक्षा संपवताना विचारतात तसा: संपृक्त मेदाम्लाचा मारा चालूच राहिला, तर अखेर पेशीचं काय होतं?

“पेशी विश्रांती घेते,” मी म्हणाले.

सर कागद चाळायला लागले. परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, “काय घेते?” मी म्हटलं, मरते, सर. ठरवून, पद्धतशीरपणे मरते. मग मी त्यांना त्या शब्दाची सगळी हकीकत सांगितली, न विचारता, जीपपासून चौकोनांपर्यंत. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही शिबिरं किती केलीत? मी म्हटलं, चार. ते म्हणाले, “खरं एकात बोललात.” आणि सही केली. पदवी मिळाली, पण मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले नाहीत. सरांनी वाटले.

पाचव्या शिबिराचं पत्र आलं तेव्हा मी लिहून कळवलं की मी ताणाची तज्ज्ञ नाही, चरबीची आहे, आणि चरबीबद्दल बोलायचं असेल तर येईन. त्याला उत्तर आलं नाही. मग मी ते सगळं अब्बांना सांगितलं, मावशीच्या करडईसकट. पुढच्या रविवारी ते करडईच्या बियाण्याची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, चल. आम्ही एसटीनं त्या गावी गेलो. अब्बा आणि मावशी ओसरीवर तासभर तेलाच्या धारेविषयी, पेंडीविषयी, घाण्यात फिरणाऱ्या लाकडी लाटेविषयी बोलत बसले. दोघांनाही माझी गरज नव्हती. एवढं अस्खलित वऱ्हाडी मी अब्बांच्या तोंडून दुकानातही ऐकलं नव्हतं.

तिनं हरभऱ्याच्या कडेनं ओळी लावल्या. बचत गटातल्या आणखी काही जणींनी लावल्या. तेल थोडंच निघालं, तेही पार अकोल्यात गाळून आणावं लागलं. अब्बांनी त्यातला एक डबा दुकानात ठेवला. वास घेऊन लोक खूश व्हायचे आणि पामोलिन घेऊन जायचे. अखेर तो डबा आमच्याच घरात संपला. यानं कुणाच्या स्नायूत काय फरक पडला हे मला माहीत नाही. ते मोजायला मला कुणी निधी दिला नसता.

पण त्या कार्यालयाला मात्र बातमी लागली. वर्षअखेर त्यांनी एक गुळगुळीत पुस्तिका काढली, यशोगाथांची. त्यात एका पानावर ‘समुपदेशनातून करडई क्रांती’ असं लिहिलेलं होतं. आम्हाला गावात उभं करून काढलेल्या फोटोत मधोमध अधिकारी, हातात करडईचं वाळलेलं फूल, काट्यांमुळे जरा अंतरावर धरलेलं. एका बाजूला मी, खाली ‘ताणतज्ज्ञ’. दुसऱ्या कडेला मावशी होती, पण फोटो पानात बसवताना ती कापली गेली होती. तेलाची बरणी धरलेला हात तेवढा आत आला होता.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मी ती पुस्तिका तिला दाखवली. तिनं हात पुसून ती घेतली, बराच वेळ बघितली, आणि बरणीवर बोट ठेवून विचारलं, “अन् हे बरनी कोनं परत नाई केली? तुमच्या सायबानं नेली होती, फोटोपुरती म्हणून.”

मी कार्यालयात दोनदा विचारून आले. बरणी सापडली नाही. तिसऱ्या वेळी गेले तोवर साहेबांची बदली झालेली होती.